डियरताईची पाटी

— नाही, दोन हजार तेवीस. जानेवारी महिना. संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी यायची होती, आणि थंडी अशी की सकाळी पाना हातात धरवत नव्हता. तू बावीस म्हणतेस, पण बावीसला तुझं लग्न झालं. काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून तू आमच्या घरी हळदीकुंकवाला आलीस ते तेवीस साल. मला लिहिता फार येत नाही, तिसरीत शाळा सुटली, पण साल विसरत नाही मी. बस. उभी राहू नकोस. त्या फळीवर बस, पुसलेली आहे. कुकर इकडे दे.

कुकर बरा आहे — रिंग नवी, शिट्टी नवी, झाकण नीट बसतंय. खाली समोरच्या अरविंदच्या दुकानाचं स्टिकर आहे, अजून निघालंसुद्धा नाही. मग माझ्याकडे काय करायला आणलास? — नको, नको सांगू. मला माहीत आहे. तू वाटीसाठी आलीस. सरळ विचारायला जीभ वळेना म्हणून कुकर उचलून आणलास. पोरी, तुझा हात सारखा गळ्याशी जातो आणि पदर सारखा वर येतो. मंगळसूत्रातली माहेरची वाटी काढून तू माझ्या जयाच्या हातात दिलीस आणि तिच्या जागी बाजारातली खोटी ओवलीस. ती काळी पडली असणार. पडतेच. नवऱ्याचं लक्ष नाही जात, पुरुषांचं जात नाही — पण दुसऱ्या कुणाचं जाईल. कोण येतंय? — आई? रथसप्तमीला? हं. म्हणजे जिनं घडवली तीच बघणार. बरं. वाटीचं बोलू. पळून नाही जात मी. आधी थोडं ऐक. हल्ली दुकानात कोणी बसत नाही — म्हणजे गिऱ्हाईक येतं, तसं नाही म्हणायचं मला. गिऱ्हाईक येतं. बसत नाही.

जया माझी एकटीच. आई तिची लवकर गेली. मी साक्रीकडचा, इकडे वापीपलीकडे राखोलीला सुताच्या कंपनीत आलो, मशीनवर केस पिकवले, मग इथे टोकरखाड्यात ही केबिन टाकली — कुकर, शेगडी, मिक्सर. पोरीचं लग्न इथेच केलं. लोक म्हणतात नवऱ्यानं टाकली. खोटं आहे. टाकायला ती काय वस्तू आहे? तो गेला. दमणला दुसरं घर केलं त्यानं. ही माझ्याकडे आली, मी दार उघडलं, ताट वाढलं, विषय संपला. माझ्यापुरता संपला. तिचा कसा संपेल? गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू आणि नवरा नाही. तुमच्या कॉलनीतल्या बायका शिकलेल्या, मास्तरणी आहेत, कचेरीत कामाला जातात — पण हिला सवाष्ण म्हणावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. भांडल्या नाहीत, वाईट बोलल्या नाहीत. फक्त बोलावलं नाही. संक्रांत आली की दारावरून नटून थटून जायच्या, कुणाच्या तरी घरातून वाण घेऊन परत यायच्या. ही तिळगूळ वळायची. दरवर्षी वळायची. लाडू डब्यातच राहायचे. शेवटी मी खायचो. मला दात नाहीत, तरी खायचो.

मग ती कंपनी आली. नाव घेत नाही. काळा रस, केसांचं तेल, पोट कमी करायची भुकटी. वापीहून एक बाई मोटारीतून आली, माझ्या शेगड्यांमध्ये स्टुलावर बसली आणि जयाला म्हणाली, तुझ्यात लीडर दिसते मला. मी म्हटलं, मला तर पोरगी दिसते. जया रागावली माझ्यावर. पण हसलीही — किती दिवसांनी हसली. वापीला हॉलमध्ये कार्यक्रम झाला, मला पुढच्या रांगेत बसवलं, बूट घालून गेलो होतो मी. तिथे पायऱ्या असतात — स्टार, मग सिल्व्हर, मग रुबी. जया रुबी झाली. खांद्यावरून पट्टा घातला, माईकवर नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. इतक्या माणसांनी माझ्या पोरीसाठी टाळ्या वाजवल्या — तो रस चांगला की वाईट, मला काय कळतं? मी पण वाजवल्या.

चिकट झाली होती ती. खोटं कशाला बोलू? तू बसलीस तिथेच बसायची. बाई कुकर घेऊन आली की — हाय डियर. मिक्सर घेऊन आली — हाय डियर. एक बाई गॅस गळतो म्हणून घाबरून धावत आली, तर तिला आधी विचारलं, केस गळतात का. बायका समोरच्या अरविंदकडे जायला लागल्या, कुकर पदराखाली लपवून — आता कुकर पदराखाली लपतो का? चांगली सात महिन्यांची दिसायची बाई. मी वरून हाक मारायचो, काय वहिनी, कितवा महिना? मजा वाटायची मला. गिऱ्हाईक जात होतं तरी मजा वाटायची. आणि फोनवर तर सगळ्यांना. शाळेच्या मोठ्या बाईंना हाय डियर. मामलतदार कचेरीतल्या साहेबाच्या बायकोला हाय डियर. एकदा एका गेलेल्या माणसाच्या नंबरवर गेला, तर त्याच्या मुलाचा फोन आला — वडील वारले आमचे, त्यांना आता पोट कमी करायचं नाही. जयानं माफी मागितली. आणि मग त्या मुलालाच विचारलं, तुम्हाला करायचंय का? — हस, हस. मी पण हसलो होतो.

तर हळदीकुंकू. तिनं स्वतःच बोलावलं. घरोघर जाऊन, कुंकू लावून. हळदीकुंकवाला बाई नाही म्हणत नाही, आता बोलावणं आलंच तर जायचं, म्हणून आल्या. सगळ्या आल्या. सतरंजी पुरेना, शेजारून आणली. बाहेर कुत्री फार, म्हणून मी चपला उचलून आत पेटीमागे ठेवल्या — बायकांना वाटलं मुद्दाम लपवल्या. कारण कुंकू लावून, अत्तर लावून, तिळगूळ देऊन झाल्यावर वाण म्हणून तिनं काय दिलं? कंपनीची पुडी. कुणी वाटी देतं, कुणी चाळणी देतं, हिनं पुडी दिली. आणि बायका उठायच्या आत भिंतीला तक्ता लावला — आपण सगळ्या मिळून टीम करू या. बायका आता उठणार कशा? कपाळाला कुंकू, हातात वाण, चपला सापडेनात. एक बाई तर मला स्वयंपाकघरात येऊन विचारते, भाऊ, मागचं दार आहे का?

लोक म्हणतात, धंद्यासाठी केलं. मी त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. जया कुंकवाचा करंडा घेऊन एकेकीसमोर वाकत होती. करंडा धरलेला हात थरथरत होता तिचा. तक्ता लावला तेव्हा हात स्थिर होता, बरं का. कुंकू लावताना थरथरत होता. तू मागे बसली होतीस, रत्नागिरीहून नवी आलेली, आईची आठवण येऊन डोळे पुसत होतीस. तिनं तुला दोन लाडू जास्त दिले आणि विचारलं, स्नेहल, माहेर लांब आहे ना गं? तेवढ्यावर तू वाटी दिलीस. तिनं मागितली नव्हती, मला माहीत आहे. तिनं एवढंच म्हटलं की मालाचं पहिलं खोकं घेतलं तर तू माझ्या टीममध्ये येशील, रोज भेटू. तुला कोणी तरी रोज भेटायला हवं होतं. तिला पण. तिनं ती सराफाकडे गहाण ठेवली, तुझं खोकं आणलं. तुझ्या पलंगाखाली आहे ना अजून? — असेल. मुदत संपली असेल त्याची.

त्या दिवशी कुणी तरी फोटो काढला. जया, हातात हळदीकुंकवाचं तबक, तोंड भरून हसणारी. चांगला फोटो होता. त्याचं ते फोनमध्ये चिकटवायचं चित्र केलं कॉलनीतल्या पोरांनी. खाली अक्षरं — हाय डियर. मला काही माहीत नव्हतं. मला कोण दाखवणार? मला कळलं ते असं — मी इथे खाली बसून शेगडीचा बर्नर काढत होतो, कॉलेजच्या दोन मुली आल्या आणि एक म्हणाली, हेच ना डियरताईचं दुकान? मी डोकं वर काढलं. म्हटलं, हो. हेच. पाणी घेता का?

तू मान खाली का घातलीस? ऐक. स्टार, सिल्व्हर, रुबी — सगळे इंग्रजी शब्द. मला वाटलं डियर ही रुबीच्या वरची पायरी. आणि पुढे ताई. आपण ताई कोणाला म्हणतो? मान असतो तिला. गुजराती बायका तिला जयाबेन म्हणायच्या, आपल्या बायका नुसतं जया, नाही तर ती. ताई कोणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, हळदीकुंकवानं काम केलं. आल्या बायका सरळ. मग सगळीकडे ऐकू यायला लागलं — पानाच्या गादीवर, रिक्षात. सायली गावाला एका कंपनीच्या कँटीनची शेगडी दुरुस्त करायला गेलो, तिथे कोणी तरी काही तरी विकत होता, तर पोरं ओरडली, आला बघा डियरताईचा भाऊ. मी म्हटलं, पोरीचं नाव सायलीपर्यंत गेलं.

जया तेव्हा आठवडाभर वापीला होती, ट्रेनिंगला. मी काळू पेंटरला बोलावलं. ती परत यायच्या आत करायचं होतं मला. प्लायवूडची चांगली पाटी घेतली. वर माझं नाव बारीक — नथू मिस्त्री, कुकर शेगडी मिक्सर. खाली लाल रंगात, मोठ्या अक्षरांत — डियरताई जया, येथे भेटा. काळू हसला. मी विचारलं नाही का हसतोस. पेंटर लोक हसतात. पाटी वर चढवली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, कशी दिसते ते बघायला. कितीतरी वेळ उभा होतो.

लोक फोटो काढायला येऊ लागले. सायलीच्या कंपनीतली पोरं पाळी सुटल्यावर मोटारसायकलवर यायची. कॉलनीतली यायची. मी शर्टाचं वरचं बटण लावून पाटीखाली उभा राहायचो, केस पाण्यानं बसवायचो. एक जण म्हणाला, आबा, अंगठा दाखवा ना. मी दाखवला. चहा पाजला त्यांना. बारकूच्या टपरीवरून मागवला, आल्याचा. अजून फिरतो म्हणे तो फोटो. तू पाहिला असशील. — पाहिलास. बरं.

जया दुपारची आली. वापीच्या रिक्षातून नाक्यावर उतरली, खांद्यावर बॅग, आणि मी मुद्दाम पुढे गेलो नाही, इथेच उभा राहिलो — तिनं आधी पाटी बघावी म्हणून. तिनं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, छान आहे आबा. अक्षर छान आहे.

एवढंच. पोरीनं मला सांगितलं नाही. तिला ते सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून — त्या चित्रावर ती स्वतःच हसायची म्हणे, बायकांसमोर, मनाला लावून घेत नाही असं दाखवायला. तिनं संध्याकाळी भाकरी केली, वांग्याचं भरीत केलं, मला वाढलं. मी जेवताना सांगत होतो कोण कोण आलं, कसे फोटो काढले. अंगठ्याचं पण सांगितलं. ती म्हणाली, अजून एक भाकरी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा भरला, बॅग तीच उचलली, जी उघडलीसुद्धा नव्हती, आणि म्हणाली, आबा, स्नेहलची वाटी सराफाकडे आहे, ती तेवढी सोडवा. मी म्हटलं, तू कुठे? म्हणाली, कामाला. सुरतेकडे. कळवते. मला वाटलं कंपनीचं काम. मी म्हटलं, पाटीचा फोटो घेऊन जा, तिकडे दाखव. ती म्हणाली, हो.

नंतर अरविंद आला. समोरचा. माझं त्याच्याशी कधी पटलं नाही, गिऱ्हाईक पळवतो तो. पण त्यानं आत येऊन शटर अर्धं ओढलं आणि मला सांगितलं की नथूभाऊ, पाटी उतरवा. आणि का ते सांगितलं. सांगताना हसला नाही. मी त्याला म्हटलं, तुझं काय जातं, जा तुझ्या दुकानात. मग पाटी उतरवली. त्यानंच दुसरी बाजू धरली.

उठू नकोस. — बस म्हणतो ना. हो, तीच. तू बसलीस ती तीच पाटी. रंगाची बाजू खाली आहे. पुसता आली असती, टर्पेंटाइन आहे माझ्याकडे, तो डबा बघ. जयाच्या नावाला टर्पेंटाइन लावायचं? फाडून सरपण करायचं? माझ्याच्यानं नाही झालं. बसायला बरी आहे.

सुरतेला जाऊन आलो मी. कुठे शोधणार? साड्यांच्या पॅकिंगला असते असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला आहे. बरी असेल. हाताला काम असलं की माणूस बरा असतो. मी पण बराच आहे. — फोन? आहे ना. हा बघ, तिनंच दिलेला. मला टाइप करता येत नाही, बोट जाडं, तीन तीन अक्षरं एकदम दाबली जातात. म्हणून तिनं यात एक निरोप भरून ठेवला होता, इथे दाबलं की आपोआप जातो. माझ्या राखोलीच्या जुन्या जोडीदारांना पाठवा म्हणायची. मी एकाला पाठवला नाही तेव्हा. लाज वाटायची. आता रोज सकाळी शटर उघडलं की तिला पाठवतो. मला दुसरं काही पाठवता येत नाही. — वाच. वाच ना, मोठ्यानं वाच.

नाही वाचत? मला पाठ आहे. हाय डियर, कशी आहेस? तुझ्यासाठी एक खास गोष्ट आहे. दोन मिनिटं वेळ देशील का?

बाजूला एक खूण येते. एकच. दुसरी आली की पोचला म्हणे. तिकडे रेंज नसेल. — वर सरकवू नकोस. वर पण तेच आहे. त्याच्या वर पण तेच आहे. ठेव खाली.

तुझ्याकडे तिचा नंबर असेल ना. एकदा तुझ्या फोनवरून — काय? ब्लॉक. अस्सं. — नाही नाही, बरोबर केलंस. मी कुठे रागावलो? रोज रोज कोण ऐकणार ते. बरोबर केलंस. नको, आता काढू नकोस, काढून काय — काढलास? बघ मग पाठवून. — काही नाही? तुलाही एकच खूण? बरं. असू दे. रेंज नसेल.

डोळे पूस. दुकानात रडायचं नाही, रस्त्यावरून दिसतं. अरविंद बघतोय समोरून, त्याला वाटेल कुकरचे जास्त सांगितले मी.

भिंत काय बघतेस? तिथे ग्राइंडर होता. आता नाही. ड्रिल पण नाही. पाना आहे, पक्कड आहे, हात आहेत — चालतं. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी खोकी घेतली त्या सगळ्यांकडे मी पैसे परत द्यायला जाऊन आलो. दारातच उभा राहायचो, आत बस म्हटलं तरी नाही. कुणी म्हणाल्या, राहू दे आबा. मी राहू दिलं नाही. कुणाला माझी दया नको. तुझी राहिली होती, कारण सराफ म्हणायचा वितळवली. मी म्हटलं, शोध. महिनोन्‌महिने त्याच्या पायरीवर जाऊन बसायचो, तो म्हणायचा जा, मी म्हणायचो शोध. गेल्या आठवड्यात सापडली. तुझ्या घरी येणार होतो, पण नवरा घरी असेल, आणि तो विचारेल, आणि तुला सांगावं लागेल. म्हणून वाट बघत होतो. म्हटलं येईल. कुकर घेऊन येईल.

हा रुमाल धर. सोड गाठ. नीट बघ — माहेरचीच आहे ना? कडेला पोचा आहे, सासरच्या वाटीला नसेल. — आहे. मी धुतली नाही, सोन्याला काय लावतात मला माहीत नाही. ओवून मात्र घरी घे. आईच्या हातानं ओवून घे. जया असती तर तिनं — तू आईच्या हातानं घे.

पाया पडू नकोस. कुकर उचल. त्याचे काही झाले नाहीत, त्याला हातच लावला नाही मी. वाटी मिळाली म्हण एकदा. तोंडानं म्हण. — हं.

फिटलं.